वीज गेल्यावर आणि वीज आल्यावर : उमरेड परिसरातील इन्व्हर्टर, यूपीएस व सर्ज संरक्षक यांचा सुरक्षित वापर

बीजसंज्ञा : भारनियमन, इन्व्हर्टर, सर्ज संरक्षक, अर्थिंग, न्यूट्रल, उलटा प्रवाह

प्रस्तावना

नागपूरच्या आग्नेयेस सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेले उमरेड हे कोळशाचे गाव होय. वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड म्हणजे वेकोलिच्या उमरेड, मकरधोकडा येथील खुल्या खाणींनी या तालुक्याला ओळख दिली. विजेसाठी लागणारा कोळसा ज्या भूमीतून निघतो त्या भूमीवरील घरांनाही भारनियमन चुकले नाही, हा विरोधाभास विदर्भाला नवा नाही. ६ जून २००५ रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महानिर्मिती व महापारेषण या कंपन्या अस्तित्वात आल्या. त्याच सुमारास राज्यातील विजेची तूट तीव्र झाली आणि वीजगळती व वसुली यांच्या प्रमाणानुसार फीडरचे गट पाडून दररोज काही तास पुरवठा बंद ठेवला जाऊ लागला. याच काळात इन्व्हर्टर ही श्रीमंतांची चैन न राहता मध्यमवर्गीय घराची, दवाखान्याची व दुकानाची गरज बनली.

नियमित भारनियमन पुढे ओसरले. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे ते तात्पुरते परतले. परंतु वादळात तुटणाऱ्या तारा, जळणारी डीपी आणि दुरुस्तीसाठी घेतला जाणारा खंड यांमुळे इन्व्हर्टर घरातून गेला नाही. त्याच्या जोडीला संगणकाचा यूपीएस आला, आणि बाजारात ‘स्पाइक गार्ड’ या नावाने मिळणारा सर्ज संरक्षकही आला. ही उपकरणे संरक्षणासाठी घेतली जातात. तथापि ती कशापासून संरक्षण देतात आणि कशापासून देत नाहीत, याविषयी मोठा संभ्रम आढळतो. प्रस्तुत लेखात या संभ्रमाचा आणि त्यातून उद्भवणाऱ्या धोक्यांचा विचार केला आहे.

एक नाव, अनेक दोष

मराठीत आकाशातली वीज आणि तारेतली वीज यांना एकच शब्द आहे. तसाच सैलपणा ‘व्होल्टेज वाढले’ या वाक्प्रयोगातही आहे. प्रत्यक्षात घरातील उपकरण जळण्यामागे किमान तीन वेगवेगळी कारणे असू शकतात. पहिले, सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या हिशेबात मोजला जाणारा अत्यंत उंच विद्युतदाबाचा झटका. यालाच सर्ज म्हणतात. दुसरे, मिनिटे किंवा तास टिकणारा कमी अथवा जास्त दाब. तिसरे, पुरवठा अचानक जाणे आणि येणे.

पहिल्यावर उपाय सर्ज संरक्षक, दुसऱ्यावर स्टॅबिलायझर किंवा दाब मर्यादेबाहेर जाताच पुरवठा तोडणारा रिले, तिसऱ्यावर यूपीएस किंवा इन्व्हर्टर. यूपीएस व इन्व्हर्टर यांतील फरक मुख्यतः वेळेचा आहे. यूपीएस काही मिलिसेकंदांत भार उचलतो, त्यामुळे संगणक बंद पडत नाही. पण त्याची बॅटरी लहान असल्याने काम जतन करून संगणक बंद करण्यापुरताच अवधी मिळतो. इन्व्हर्टर मोठ्या बॅटरीवर दिवे-पंखे काही तास चालवतो. लेझर प्रिंटर यूपीएसवर लावू नये, कारण त्यातील तापणारा भाग क्षणात कित्येकशे वॅट ओढतो आणि नेमक्या गरजेच्या वेळी यूपीएस बसतो.

सर्ज संरक्षकाच्या मर्यादा

सर्ज संरक्षकाचे हृदय म्हणजे एमओव्ही नावाची, जस्ताच्या ऑक्साइडची बनलेली एक चकती. नेहमीच्या २३० व्होल्टला ती प्रवाह जाऊ देत नाही. दाब ठराविक मर्यादेपलीकडे चढला की ती एकाएकी वाहक बनते आणि जादा प्रवाह न्यूट्रलकडे किंवा अर्थिंगकडे वळवते. झटका ओसरला की ती पुन्हा पूर्ववत होते. ती हे काम क्षणभरच करू शकते. दाब दीर्घकाळ चढलेला राहिला तर चकती तापते, वितळते आणि प्रसंगी पेट घेते.

असा दीर्घकाळ चढलेला दाब गावागावांत एका विशिष्ट कारणाने निर्माण होतो, ते म्हणजे न्यूट्रल तार तुटणे. डीपीपासून निघणाऱ्या तीन फेजच्या तारा व एक न्यूट्रल यांपैकी न्यूट्रल तुटली किंवा तिचा जोड सैल झाला, तर वेगवेगळ्या फेजवरील दोन घरे एकमेकांशी शृंखलेने जोडली जातात आणि दोन फेजमधील ४०० व्होल्ट त्यांच्यात वाटले जातात. ही वाटणी समान नसते. समजा, एका घरात १,००० वॅटची इस्त्री चालू आहे आणि दुसऱ्या घरात १०० वॅटचा टीव्ही. इस्त्रीचा रोध सुमारे ५३ ओहम, तर टीव्हीचा ढोबळमानाने ५३० ओहम. रोध दहापट म्हणून दाबही दहापट. म्हणजे इस्त्रीच्या वाट्याला सुमारे ३६ व्होल्ट आणि टीव्हीच्या वाट्याला तब्बल ३६४ व्होल्ट येतात. ज्या घरात काटकसरीने कमी उपकरणे चालू असतात त्याच घरातील उपकरणे अशा वेळी आधी जळतात, हे वरवर अन्यायाचे वाटले तरी गणित तसेच आहे.

येथे स्पाइक गार्ड उपयोगी पडत नाही; उलट तोच जळण्याची शक्यता अधिक. दिवे एकाएकी प्रखर होणे आणि शेजाऱ्याकडे त्याच वेळी मंद होणे, ही न्यूट्रल तुटल्याची खूण आहे. अशा वेळी मुख्य स्विच तत्काळ बंद करावा आणि महावितरणला कळवावे. ज्या घरात वा प्रयोगशाळेत महाग उपकरणे आहेत तेथे मुख्य बोर्डावर जास्त-कमी दाबाला पुरवठा तोडणारा रिले बसवणे हा खरा उपाय होय. त्याचा खर्च एका दुरुस्तीपेक्षा क्वचितच जास्त असतो.

बाजारातील अनेक तथाकथित स्पाइक गार्ड हे केवळ चार-सहा सॉकेटचे एक्स्टेंशन बोर्ड असतात. त्यावरील लाल दिवा वीज आहे एवढेच सांगतो. संरक्षण शिल्लक आहे की नाही, ते सांगत नाही. प्रत्येक झटक्यासोबत एमओव्ही थोडी झिजते आणि एक दिवस निकामी होते. म्हणून खरेदी करताना वेष्टनावर सहन करता येणारा प्रवाह किलोअँपिअरमध्ये व शोषता येणारी ऊर्जा ज्यूलमध्ये दिली आहे का, चकती तापल्यास तिला तोडणारा औष्णिक फ्यूज आहे का आणि संरक्षण चालू असल्याचा स्वतंत्र दिवा आहे का, हे पाहावे. एका स्पाइक गार्डात दुसरा खुपसून साखळी करू नये. तसेच तो यूपीएसच्या बाहेर पडणाऱ्या बाजूस न लावता भिंतीकडील बाजूस असावा.

अर्थिंग : सर्वांत दुर्लक्षित भाग

तीन पिनांपैकी वरची जाड पिन काढून टाकून किंवा दोन पिनांचा अडॅप्टर लावून संगणक चालवणे, हे दृश्य कार्यालयांतही दुर्मीळ नाही. अशा जोडणीत सर्ज संरक्षकाची फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ ही दोन्ही संरक्षणे निरर्थक ठरतात, कारण प्रवाहाला जायला वाटच नसते. संगणकाच्या धातूच्या पेटीला हात लावताच मुंग्या येतात, त्याचे कारणही हेच. पेटीतील गाळणीचे संधारक अर्थिंगशिवाय पेटीवर सुमारे ११५ व्होल्ट आणून ठेवतात. तो प्रवाह अल्प असल्याने जीवघेणा नसतो. पण घरात अर्थिंग नाही याची ती सूचना असते, आणि बहुतेक जण चप्पल घालून तिच्यावर उपाय करतात.

अर्थिंगचा दर्जा जमिनीवर अवलंबून असतो. उमरेड-भिवापूर पट्ट्यात कापूस, सोयाबीन, मिरची पिकवणारी काळी जमीन मोठ्या प्रमाणावर आहे. ही माती ओली असताना उत्तम वाहक असते. उन्हाळ्यात मात्र ती आक्रसते, तिला भेगा पडतात आणि पुरलेल्या नळीभोवतीची माती नळीपासून सुटते. परिणामी रोध कित्येक पटींनी वाढतो. एप्रिल-मे महिन्यांत, मोसमी पाऊस येण्यापूर्वीच, विदर्भात मेघगर्जनेसह वादळे सुरू होतात. म्हणजे अर्थिंग वर्षात सर्वांत दुबळे असते त्याच दिवसांत विजांचा काळ सुरू होतो. त्यामुळे अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याचे काम मार्चपासूनच व्हायला हवे आणि वर्षातून एकदा, शक्यतो मे महिन्यात, परवानाधारक वीजतंत्रीकडून रोध मोजून घ्यावा. पावसाळ्यात मोजलेला आकडा समाधान देतो. संरक्षणाचा भरवसा देत नाही. भारतीय मानक आयएस ३०४३ मध्ये नळीच्या इलेक्ट्रोडची किमान लांबी २.५ मीटर सांगितली आहे. मिस्त्रीने अंगणात हातभर खोल ठोकलेली सळई या व्याख्येत बसत नाही.

काही ठिकाणी खड्डा खोदण्याचा खर्च वाचवण्यासाठी सॉकेटमध्येच अर्थची पिन न्यूट्रलला जोडली जाते. ही चूक अक्षम्य आहे. न्यूट्रल मागे कोठेही तुटली की घरातील प्रत्येक धातूचे आवरण, म्हणजे फ्रीज, कूलर, पाण्याची मोटार, थेट फेजच्या दाबावर येते.

सर्ज संरक्षक मुख्य बोर्डावर बसवला असेल तर त्याच्या तारा आखूड हव्यात. एक मीटर सरळ तारेलाही थोडे प्रेरकत्व असते आणि दहा किलोअँपिअरचा वेगाने चढणारा झटका एवढ्या तारेवरच हजारभर व्होल्ट निर्माण करतो. तारेची सुबक गुंडाळी करून ती बोर्डात कोंबली, तर संरक्षकाची किंमत वाया जाते.

आकाशातील विजेपुढे

विजेच्या एका आघातात साधारणपणे तीस हजार अँपिअर प्रवाह असू शकतो. एवढा प्रवाह ५ ओहमच्या चांगल्या अर्थिंगमधून गेला तरी ओहमच्या नियमानुसार दीड लाख व्होल्ट निर्माण होतात. कोणतीही सॉकेटपट्टी त्यापुढे टिकत नाही. जवळच्या खांबावर वा झाडावर वीज पडून तारांत उमटणारा झटका रोखणे, एवढेच घरगुती सर्ज संरक्षकाचे क्षेत्र आहे. म्हणून वादळ जवळ येताच पिना काढून ठेवणे हाच खात्रीचा उपाय. स्विच बंद करणे पुरेसे नाही, कारण स्विचच्या दोन टोकांमधील दोन-तीन मिलिमीटरचे अंतर असा झटका सहज ओलांडतो. यासोबत डिशची केबल, इंटरनेटची तार यांचीही जोडणी काढावी. टीव्ही व मोडेम पुष्कळदा त्याच वाटेने जळतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचे ‘दामिनी’ हे मोबाइल अॅप परिसरातील विजांची पूर्वसूचना देते. ढग डोक्यावर आल्यानंतर पिना काढायला धावणे मात्र टाळावे. त्या वेळी उपकरणापेक्षा माणूस महत्त्वाचा.

इन्व्हर्टर व बॅटरी

विदर्भात इन्व्हर्टरवरील भाराचा विचार कूलरशिवाय होऊ शकत नाही. २०० वॅटचा कूलर, ७५ वॅटचे दोन पंखे आणि ५० वॅटचे दिवे मिळून ४०० वॅट होतात. इन्व्हर्टरमधील हानी धरता १२ व्होल्टच्या बॅटरीतून सुमारे ४२ अँपिअर प्रवाह निघतो. १५० अँपिअर-अवर क्षमतेची नवी बॅटरी एवढ्या भारावर फार तर अडीच-तीन तास पुरते. भागाकाराने येणारे साडेतीन तास प्रत्यक्षात मिळत नाहीत, कारण प्रवाह जितका जास्त तितकी बॅटरीची क्षमता घटते.

दाब कमी म्हणून बॅटरीच्या तारा निरुपद्रवी समजल्या जातात. झटक्याच्या दृष्टीने ते खरे आहे, आगीच्या दृष्टीने नाही. पूर्ण भारावर ७० अँपिअर वाहत असताना गंजलेल्या टर्मिनलचा रोध एक शतांश ओहम जरी असला, तरी तेथे ४९ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे डागणीच्या सोल्डरिंग आयर्नहून अधिक, आणि तीही प्लॅस्टिकला चिकटून. टर्मिनल सहा महिन्यांनी स्वच्छ करून घट्ट करावे, त्यावर पेट्रोलियम जेली लावावी आणि धन टोकाजवळ योग्य क्षमतेचा फ्यूज असावा. काम करताना अंगठी, बांगडी, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. पाना दोन्ही टोकांना एकदम टेकला तर हजारहून अधिक अँपिअर प्रवाह वाहू शकतो.

दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. शिसे-आम्ल बॅटरी पूर्ण चार्ज होत आली की पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व ऑक्सिजन बाहेर पडतात. बॅटरी भरल्यावरही आत गेलेल्या प्रत्येक अँपिअर-अवरमागे एका कप्प्यातून सुमारे ०.४२ लिटर, म्हणजे सहा कप्प्यांतून अडीच लिटर हायड्रोजन निघतो. चार्जर बिघडून ५ अँपिअर प्रवाह तासभर चालू राहिला तर साडेबारा लिटर वायू जमा होतो. एक मीटर उंच, साठ सेंटिमीटर रुंद व पन्नास सेंटिमीटर खोल बंद कपाटात ३०० लिटर हवा मावते, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन पेट घेण्यास पुरेसा असतो. चार टक्के म्हणजे १२ लिटर. शोभेसाठी बॅटरी कपाटात वा जिन्याखाली कोंडणे आणि देवघराजवळ, समईच्या शेजारी ठेवणे या दोन्ही गोष्टी का टाळाव्यात, हे या हिशेबावरून ध्यानात यावे. हायड्रोजन हलका असल्याने वायुवीजनाची झडप वरच्या बाजूस असावी. पाण्याची पातळी दर दोन महिन्यांनी, उन्हाळ्यात दर महिन्याला तपासावी आणि फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालावे. नळाचे वा ‘आरओ’चे पाणी नव्हे.

उष्णतेचाही विचार हवा. २३ मे २०१३ रोजी नागपूरचे तापमान ४७.९ अंश सेल्सिअसपर्यंत गेले होते. २५ अंशांच्या वर सरासरी तापमानात दर दहा अंशांच्या वाढीमागे बॅटरीचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा ढोबळ नियम आहे. पत्र्याच्या छताखाली ठेवलेल्या बॅटरीविषयी कंपनीला दोष देण्यापूर्वी तिची जागा पाहावी. यूपीएसमधील लहान बंद बॅटऱ्या उष्णतेने फुगतात. फुगलेली बॅटरी बदलावी, दाबून बसवू नये. लिथियम बॅटरी जुन्या इन्व्हर्टरला परस्पर जोडणे धोक्याचे आहे, कारण दोहोंच्या चार्जिंगची पद्धत भिन्न असते. निकामी शिसे-आम्ल बॅटरी भंगारवाल्यास देऊन आम्ल नालीत ओतले जाते, हेही थांबायला हवे. जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था २००१ च्या नियमांपासून आहे आणि २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी ती जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे.

आता कूलरकडे पुन्हा वळावे लागते. लोखंडी कूलर, त्यात पाणी आणि ओल्या फरशीवर अनवाणी माणूस, हा योग प्रत्येक उन्हाळ्यात जिवावर बेततो. दोषयुक्त कूलरचा प्रवाह २० ओहमच्या कोरड्या अर्थिंगमधून गेला तर तो केवळ साडेअकरा अँपिअर असतो; १६ अँपिअरचा एमसीबी पडत नाही आणि कूलरचे अंग दाबावर राहते. त्यासाठी ३० मिलिअँपिअर गळतीला तुटणारा आरसीसीबी आवश्यक आहे. मात्र तो केवळ मुख्य बोर्डावर असेल तर इन्व्हर्टर त्याला फसवतो. गळती होताच आरसीसीबी पडतो. इन्व्हर्टरला वाटते की वीज गेली, आणि तो त्याच कूलरला बॅटरीवरून पुन्हा वीज देऊ लागतो. दोष तसाच, यंत्रही चालू. पुढे काय होईल हे घरातील न्यूट्रल कोठे कोठे जोडली आहे यावर, म्हणजे जवळपास नशिबावर अवलंबून राहते. इन्व्हर्टरच्या बाहेर पडणाऱ्या बाजूस स्वतंत्र आरसीसीबी बसवून, बॅटरीवर चालू असतानाही तो काम करतो याची खात्री तंत्रज्ञाकडून करून घेणे यासाठीच गरजेचे आहे. कूलरमध्ये पाणी भरताना पिन काढणे या सर्वांच्या आधी येते.

मुख्य स्विच बंद केल्यावर घर ‘मृत’ झाले असे समजणाऱ्या वायरमनलाही इन्व्हर्टरचाच धक्का बसतो. मुख्य बोर्डावर ‘या घरात इन्व्हर्टर आहे’ अशी ठळक पाटी लावण्यास काही खर्च येत नाही.

खांबावरचा माणूस

काही घरांत इन्व्हर्टर किंवा जनरेटरची वीज दोन्ही टोकांना पिना असलेल्या वायरने भिंतीतील सॉकेटमध्ये सोडली जाते. सोय झटपट होते, परंतु मुख्य स्विच बंद करण्यास विसर पडला तर तीच वीज मीटरमधून उलटी खांबावर जाते. शेजारच्या घरांचा भार एवढा असतो की लहान इन्व्हर्टर बहुधा लगेच बंद पडतो. मात्र वादळात तार तुटून दोन-चार खांबांचा तुकडा अलग झाला असेल तर तो तुकडा जिवंत राहतो. हाच प्रवाह डीपीपर्यंत पोहोचला तर २३० व्होल्ट चढून पलीकडे हजारो व्होल्ट होतात, कारण रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. तार जोडण्यासाठी खांबावर चढलेल्या कर्मचाऱ्याने उपकेंद्रातून पुरवठा बंद करून घेतलेला असतो. कोणत्या घरातून वीज उलटी येत आहे हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. जनरेटरसाठी फेज व न्यूट्रल दोन्ही बदलणारा चेंजओव्हर स्विचच हवा. तो एका वेळी एकाच स्रोताला जोडू देतो, त्यामुळे विस्मरणाला जागा उरत नाही.

फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या पीएम सूर्यघर योजनेनंतर छतावर सौर पॅनेल बसवणाऱ्यांची संख्या वाढली आहे. ऊन असूनही वीज गेल्यावर सौर संच का बंद पडतो, ही तक्रार अनेकांकडून ऐकू येते. तो बिघाड नव्हे. बॅटरीविना, वाहिनीला जोडलेला सौर इन्व्हर्टर बाहेरची वीज गेल्याचे ओळखून स्वतःला बंद करतो, कारण त्याने वीज देणे चालू ठेवले तर ती खांबावरच्या त्याच माणसापर्यंत जाईल. ही व्यवस्था निकामी करून संच चालू ठेवण्याचे सल्ले देणारे मिस्त्रीही भेटतात. काळजी घेणारा कर्मचारी काम सुरू करण्यापूर्वी तारांवर अर्थिंगचा दांडा टाकतो, तो अशा अज्ञात घरांसाठीच.